न बोललेले दुखणे

(मंडळाच्या महिला शाखेने योजिलेल्या आरोग्यविषयक व्याख्यानमालेत केलेले भाषण)



आजच्या विषयावर बोलण्याचा या गृहस्थाला अधिकार काय, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल, तर तो रास्तच आहे. मी डॉक्टर नव्हे. साधा बी. ए. झालेला आणि उभी हयात केंद्र सरकारच्या फायलींत घालविलेला माणूस आहे. त्यातून पुरुष! परंतु या विषयातील अज्ञानापायी आमच्या घराची जी चार वर्षे वाया गेली, त्यांचा हिशेब मजपाशी आहे. तो आपणापुढे मांडण्यास माझ्या पत्नीने संमती दिली आहे. "तुम्हीच सांगा, मला अजून संकोच वाटतो," असे ती म्हणाली. ती येथे पहिल्याच रांगेत बसली आहे.

तिची पाळी ४८ व्या वर्षी थांबली. त्यानंतर वर्षभरात लघवीला जळजळ होऊ लागली. डॉक्टरांनी प्रतिजैविके दिली, बरे वाटले. दोन महिन्यांनी पुन्हा तेच. असे किती वेळा झाले याची मोजदाद राहिली नाही. हावड्याहून नागपूरला माहेरी जायचे म्हणजे आगगाडीत एक रात्र काढावी लागते. त्या भीतीने ती सकाळपासून पाणी पिणे सोडी. पुढे पुढे तर तिने जाणेच सोडले. सख्ख्या भाच्याच्या लग्नालाही ती गेली नाही. मंडळाच्या गणेशोत्सवातील नाटक ती दाराजवळच्या खुर्चीवरून पाही. आम्हा उभयतांत एक दुरावाही आला. जवळीक तिला वेदनादायक झाली होती. पण ते तिने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. उलट मनात अढी धरून बसलो. त्याची मला आज लाज वाटते.

या साऱ्याचे मूळ एकच होते, हे आम्हांस फार उशिरा कळले. स्त्रीच्या शरीरात इस्ट्रोजेन नावाचे संप्रेरक असते. योनिमार्ग, मूत्रमार्ग आणि मूत्राशयाचा तळ यांची त्वचा त्याच्यावर पोसली जाते. रजोनिवृत्तीनंतर ते आटले की ही त्वचा पातळ, कोरडी व नाजूक होते. निरोगी अवस्थेत तेथे दह्यातील जंतूंच्याच कुळातले उपकारक जंतू नांदत असतात. ते आम्लता निर्माण करून रोगजंतूंना दूर ठेवतात. इस्ट्रोजेन घटले की त्यांचे अन्न तुटते, आम्लता उतरते आणि रोगजंतूंना वाट मोकळी होते. कोरडेपणा, खाज, संबंधाच्या वेळची वेदना, वारंवार लघवीची घाई आणि पुन्हा पुन्हा होणारा संसर्ग ही सारी एकाच झाडाची फळे होत. २०१४ साली तज्ज्ञांच्या दोन संस्थांनी या लक्षणांना जननेंद्रिये व मूत्रसंस्था या दोहोंचा समावेश करणारे नाव दिले, ते याच कारणास्तव. त्यापूर्वीच्या नावात लघवीच्या तक्रारींचा उल्लेखच नव्हता.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. अंगातून निघणाऱ्या गरम वाफा बहुधा काही वर्षांनी आपोआप शमतात. हे दुखणे मात्र उपचारावाचून सहसा शमत नाही. वयाबरोबर वाढत जाते. "होईल बरे हळूहळू" हा आपला नेहमीचा दिलासा येथे खोटा ठरतो.

उपचार साधा आहे. जेथे उणीव, तेथेच भरपाई. इस्ट्रोजेनचे मलम अल्प मात्रेत योनिमार्गात लावावयाचे. बहुधा पहिले दोन आठवडे रोज रात्री आणि पुढे आठवड्यातून दोनदा. गुण येण्यास काही आठवडे लागतात. म्हणून चार दिवसांत निराश होऊ नये. उपचार थांबविल्यास त्रास परत येऊ शकतो. १९९३ साली एका नामांकित अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात ९३ स्त्रियांवरील प्रयोगाचा वृत्तांत आला. रजोनिवृत्तीनंतर मूत्रसंसर्गाने वारंवार आजारी पडणाऱ्या या स्त्रिया होत्या. एस्ट्रिऑलचे मलम लावणाऱ्यांस वर्षाकाठी सरासरी ०.५ वेळा, तर औषधाविना मलम लावणाऱ्यांस ५.९ वेळा संसर्ग झाला. हा आकडा वाचला तेव्हा पत्नीच्या प्रतिजैविकांच्या चिठ्ठ्यांची चळत माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली.

एका डॉक्टर बाईंनी अखेर हे मलम लिहून दिले. परंतु पेटीतील कागद मी वाचला. कागद बारकाईने वाचणे हा तर माझा व्यवसायच! त्यात कर्करोग, हृदयविकार, पक्षाघात अशी भयंकर यादी होती. मी मलम कपाटात ठेवले. ते तेथे आठ महिने पडून राहिले.

चूक कोठे होती? २००२ साली अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत संप्रेरकांच्या गोळ्यांचे काही धोके दिसून आले. त्या गोळ्या पोटात घेऊन साऱ्या शरीरात पोहोचणाऱ्या होत्या. तोच इशारा स्थानिक मलमांच्या कागदावरही छापला गेला. मात्रेचा फरक पाहा. परदेशात योनिमार्गात ठेवावयाची १० मायक्रोग्रॅमची गोळी मिळते. पहिल्या वर्षात अशा सुमारे ११४ गोळ्या लागतात. त्यांची बेरीज १.१४ मिलिग्रॅम, म्हणजे पोटात घ्यावयाच्या जवळजवळ एका दिवसाच्या गोळीएवढी! अल्प मात्रेत रक्तातील प्रमाण सामान्यतः रजोनिवृत्त स्त्रीच्या नेहमीच्या पातळीतच राहते. २०२५ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ती इशाऱ्याची चौकट काढण्याचे पाऊल उचलले.

याचा अर्थ ज्याने त्याने दुकानातून मलम आणावे असा नव्हे. पाळी बंद झाल्यावर रक्तस्राव झाला, तर आधी तपासणी अवश्य करावी. ज्यांना स्तनाचा कर्करोग झाला आहे, त्यांनी आपल्या कर्करोगतज्ज्ञांचा सल्ला घेतल्याविना हा उपचार सुरू करू नये. त्यांच्यासाठी संप्रेरकविरहित स्निग्ध मलमे आहेत. जळजळ म्हणजे दरवेळी हेच, असेही नव्हे. लघवीची तपासणी हवीच. माझे मागणे एवढेच, की कागद पाहून घाबरण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. मी विचारले असते, तर ते आठ महिने वाचले असते.

भगिनींनो, आपण घरापासून दूर राहतो. माहेरी असते तर एखाद्या मावशीच्या, थोरल्या जावेच्या कानाशी लागता आले असते, असे आपण म्हणतो. खरे पाहता तेथेही या गोष्टी बोलल्या जात नसत. माझी आई उतारवयात लघवीच्या त्रासाने कोठे जात-येत नसे. "वयच झाले आता," एवढेच म्हणे. आम्हीही तेच खरे मानले. म्हणून विनंती आहे की, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जमाल, तेव्हा वाणाबरोबर ही माहितीही एकमेकींना द्या. आणि बंधूंनो, घरातील बाई पाणी कमी पिऊ लागली, प्रवास टाळू लागली, तर रागावण्याआधी विचारा.

गेल्या दिवाळीला आम्ही दोघे नागपूरला जाऊन आलो. खरगपूर गेल्यावर तिने पाण्याची बाटली उघडली आणि पोटभर पाणी प्यायली. इतरांना त्यात सांगण्यासारखे काही वाटणार नाही. मी मात्र तिच्याकडे पाहतच राहिलो.