धुण्याआधी आणि धुतल्यानंतर

धुणे हा काय आकाशवाणीवरून बोलण्याचा विषय झाला, असे आपल्यापैकी कुणाला वाटेल. कपडे भिजवायचे, साबण लावायचा, आपटायचे, पिळायचे आणि वाळत टाकायचे. लहानपणापासून आपण हे पाहत आलो आहोत. परंतु आपला सगळा जोर असतो तो घासण्या-आपटण्यावर. धुण्याच्या आधी कपडे निवडणे आणि धुतल्यावर ते नीट वाळवणे, या दोन टोकांकडे आपण फारसे पाहत नाही. आणि दुखणे घरात शिरते ते पुष्कळदा या टोकांकडूनच. म्हणून आज त्यांच्याविषयीच जास्त बोलणार आहे.

उदाहरणासाठी मुंबईतल्या एका वस्तीत जाऊ. हार्बर रेल्वेवर चेंबूर आणि मानखुर्द यांच्या मध्ये गोवंडी हे स्टेशन आहे. तेथे शिवाजीनगर, बैंगनवाडी अशा दाट वस्त्या आहेत आणि त्यांना लागून देवनारची कचराभूमी. तिथली माणसे तिला नुसते 'डंपिंग' म्हणतात. १९२७ पासून मुंबईचा कचरा तेथे टाकला जाऊ लागला. वस्ती पुढे वाढली. खोली दहा बाय पंधरा फुटांची, वर पोटमाळा, आतच एका कोपऱ्यात मोरी. पाणी ठराविक वेळेला येते. तेवढ्यात पिंप भरून घ्यायचे आणि दिवसभर पुरवायचे. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून पुष्कळ माणसे पोटासाठी मुंबईला आली आणि अशा वस्त्यांतून राहिली. गावाकडे ओढ्यावर जाऊन खडकावर धुणे आपटणाऱ्या बाईला येथे दोन बादल्यांत घरादाराचे धुणे उरकावे लागते. ओढ्याला वाहते पाणी होते, मळ पाण्याबरोबर निघून जाई. बादलीत तो कुठे जाणार? एका कपड्यातून दुसऱ्या कपड्यात जातो. म्हणून बादलीच्या धुण्याला निवड हवी.

आता गंमत पाहा. या वस्तीतल्या पुष्कळ घरांचे पोटच निवडण्यावर चालते. प्लास्टिक वेगळे, पत्रा वेगळा, काच वेगळी, पुठ्ठा वेगळा. तिथली बाई नुसत्या हाताच्या स्पर्शाने प्लास्टिकचे दोन प्रकार ओळखते. तिला निवड शिकवायला आपण कोण? हाच निवडीचा हात घरच्या धुण्याला लावायचा, इतकेच सांगायचे आहे.

आपण कपडे निवडतो ते रंगावरून. पांढरे वेगळे, रंग जाणारे वेगळे. ते बरोबरच आहे. पण त्याच्याही आधी एक प्रश्न विचारावा : हा कपडा आला कुठून? कचऱ्यातून, गटारातून, गोठ्यातून आलेला कपडा घरच्या चादरीबरोबर भिजवू नये. दिवसभर एकाच बोचक्यात कोंबूनही ठेवू नये. दाराशी एक जुनी गोणी टांगावी आणि कामावरून आल्यावर कामाचे कपडे तिच्यात टाकावेत. आणि पुरुष मंडळी ऐकत असतील तर त्यांना एक विनंती. आपले खिसे आपणच रिकामे करावेत. विडीकाडी, खिळे, चिल्लर हे शोधण्याचे काम धुणाऱ्या बाईचे नव्हे.

पाणी थोडे असेल तर क्रम महत्त्वाचा. साबणाचे पाणी एकदाच करावे. त्यात आधी लहान मुलांचे आणि अंगाशी लागणारे कपडे, मग वरचे, आणि अगदी शेवटी कामाचे. उलटे कधी करू नये. शेवटच्या खळबळण्याचे पाणी फेकू नये. त्यात कामाचे कपडे पहिल्यांदा भिजवता येतात.

घरात एकाला खरूज झाली की त्याचे कपडे, पांघरूण आणि पंचा वेगळा. कडकडीत पाण्यात बुडवून ठेवावे, मग धुऊन उन्हात टाकावे. गोधडी किंवा घोंगडी उकळता येत नाही. ती प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवली तरी चालते, कारण खरजेचा किडा माणसाच्या अंगावाचून फार दिवस जगत नाही. औषध मात्र घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावावे लागते. नायट्याचेही असेच, एकच पंचा चौघांनी वापरला की तो चौघांना होतो.

शेतकरी बंधूंनो, आपल्याकडेही एक कपडा असा आहे जो इतर कपड्यांत मिसळलाच जाऊ नये. तो म्हणजे फवारणीचा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नसाल. औषध तोंडावाटेच पोटात जाते असे नाही, ते कातडीतूनही जाते. फवारणीचा सदरा रात्री खुंटीला लटकत राहिला आणि सकाळी पुन्हा अंगावर चढला, की कालचे औषध आज पुन्हा अंगात शिरते. आणि तो धुणारी घरधनीण शेतात गेलेलीही नसते! हे कपडे त्याच दिवशी, वेगळ्या बादलीत, हातमोजे घालून, भरपूर साबणाने दोनतीनदा धुवावेत. ते पाणी विहिरीजवळ किंवा गुरे पितात तेथे ओतू नये.

प्रत्यक्ष धुण्याविषयी थोडक्यात सांगतो. रक्ताचा, दुधाचा डाग आधी थंड पाण्यात. गरम पाण्याने तो पक्का बसतो. विहिरीचे पाणी जड असले तर साबणाचा फेस होत नाही, कपड्यावर पांढरट साका बसतो. अशा पाण्यात आधी थोडा धुण्याचा सोडा घालावा. रेशमाला आणि लोकरीला मात्र सोडा लावू नये. कपडे पांढरे करायच्या ब्लिचिंग पावडरीत संडास साफ करण्याचे ॲसिड कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो, आणि दहा बाय पंधराच्या खोलीत पळायलाही जागा नसते.

गुरुजींसाठी एक गोष्ट. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो आणि मुले घाबरतात. साबणात अल्क असतो, त्याने हळदीचा रंग बदलतो. वर लिंबू पिळले की तो पुन्हा पिवळा. पांढऱ्या फडक्याच्या दोन तुकड्यांवर हळद लावून एक उन्हात आणि एक कपाटात ठेवावा. उन्हातला फिका पडलेला मुलांना आपोआप दिसेल.

आता दुसरे टोक, वाळवणे. कपडा वाळतो तो उन्हाइतकाच वाऱ्यानेही. दोन कपड्यांमध्ये चार बोटे जागा सोडली तर पावसाळ्यातही ओढून ताणून वाळतात. एकावर एक टाकले की कुबट वास येतो. ओलसर कपडा अंगावर चढवला की नायट्याला आमंत्रणच. याच संदर्भात आयाबहिणींशी मोकळेपणाने बोलले पाहिजे. पाळीचे कापड लाजेपोटी दुसऱ्या कपड्याखाली, पोटमाळ्याच्या अंधारात वाळत घालतात. ते पुरते वाळत नाही आणि दुखणे मागे लागते. ते साबणाने धुऊन उघड्या उन्हात वाळवावे. लाज वाटत असेल तर वर पातळ, जाळीदार फडके टाकावे, पण ऊन आणि वारा लागलाच पाहिजे. घरातल्या मोठ्या बायकांनीच ही सवय मोडली तर मुली धीट होतील.

शेवटी दोरी. गोवंडीच्या गल्लीत काय किंवा गावच्या अंगणात काय, लोखंडी तार ताणून तिच्यावर ओले कपडे टाकण्याची सवय आहे. एक टोक पत्र्याच्या भिंतीला, दुसरे विजेच्या खांबाला. पावसात एखाद्या वायरचे आवरण झिजलेले असले की वीज पत्र्यात उतरते, पत्र्यातून तारेत, आणि ओला हात लागताच माणसात. वीज कंपन्या दर पावसाळ्यात हेच सांगत असतात. तार काढून नायलॉनची किंवा काथ्याची दोरी बांधावी, आणि तीही खांबाला बांधू नये. तार सोडवण्याआधी घरचा मेन स्विच बंद करावा. तार खांबाला बांधलेली असेल तर तिला हात न लावता वीज कंपनीला कळवावे. कुणी तारेला चिकटलेच, तर त्याला हात लावू नये. आधी स्विच बंद करावा. ते जमत नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने तार दूर सारावी, आणि माणूस बरा दिसला तरी त्याला तसेच दवाखान्यात न्यावे.