वाडी कुणाच्या सात-बारावर?

(नवी मुंबई येथील बैठकीतील भाषण)



रात्रभर गाडीत बसून आपण इथे आलो ते कापूस-ज्वारीच्या भावासाठी. मग आम्ही कातकऱ्यांचा विषय कशाला काढतो, असे कुणाला वाटेल. म्हणून आधी आणेवारीचे बोलू. पीक डोळ्यांदेखत बुडालेले असते आणि कागदावर आणेवारी पन्नास पैशांच्या वर. मोजणारा कोण, कुठे उभा राहून मोजतो आणि मोजलेले कुणाच्या हातात जाते, ह्यावर आपले नशीब ठरते. आदिवासींवर जे संशोधन होते त्याचीही गत हीच आहे.

कृषी पदवीच्या वर्गात असताना आम्ही यवतमाळकडच्या एका कोलाम पोडावर पाहणीला गेलो होतो. दिवसभर फॉर्म भरले. खाणारी तोंडे किती, शाळेत कोण जाते, लेकरे किती दगावली. एका म्हातारीने विचारले, "बापू, लिहून नेता, मग औषध कधी आणता?" त्या फॉर्मांचे पुढे काय झाले ते आम्हाला कुणी सांगितले नाही; खरे म्हणजे आम्हीही विचारले नाही. मार्क मिळाले होते.

कोलाम, माडिया गोंड आणि कातकरी ह्या महाराष्ट्रातल्या तीन जमातींना सरकार पूर्वी 'आदिम' म्हणायचे. २००६ पासून 'असुरक्षित' म्हणते. पाटी बदलली. खैराचा कात काढणारे ते कातकरी. १८७८ साली इंग्रजांनी जंगलाचा कायदा केला, जंगल सरकारी झाले आणि खैराला हात लावायचा हक्क गेला. मग कोळसा पाडणे, सावकाराचे शेत, आणि आता वीटभट्टी. वेलिंग ह्यांनी १९३४ साली कातकऱ्यांवर पुस्तक लिहिले. सिमिंग्टन ह्या अधिकाऱ्याने १९३९ च्या अहवालात मुंबई इलाख्यातल्या आदिवासींची वेठ आणि कर्ज लिहून ठेवले. तेव्हा माहिती नव्हती असे कुणी म्हणू नये. माहिती होती, इंग्रजीत होती आणि कपाटात होती.

कर्जत भागात राजीव खेडकर आणि कॅनडाचे डॅनियल बकल्स ह्यांनी निराळा रस्ता धरला. वाडीतल्या लोकांना बरोबर घेऊन त्यांनी पाहिले, घर उभे आहे ते कुणाच्या सर्व्हे नंबरवर? पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाड्या, पण खालची जमीन दुसऱ्याच्या नावे. शहराचा पैसा आला, जमीन विकली गेली, की वाडीभोवती तारेचे कुंपण. जमीनमालक नाही म्हणाला तर नळ कुठे बसवायचा, अंगणवाडी कुठे बांधायची? दिवाळीनंतर कुटुंब भट्टीवर जाते, पोराचे नाव हजेरीपटावर आणि पोर विटा थापायला. आरोग्य आणि शिक्षण म्हणून जे मोजतात त्याचे मूळ असे पायाखालच्या मातीत निघाले. जमीन महसूल कायद्याच्या १२२ कलमाखाली जिल्हाधिकारी गावठाणाची हद्द ठरवू शकतो, हे वाडीला कळले ते ह्या खटपटीतून. पुस्तक २०१३ साली निघाले, पण आमच्या मते अर्ज कसा करायचा हे वाडीला कळले, ते पुस्तकाहून मोठे.

आता आपण बसलो आहोत ती जमीन बघा. १९७० साली सिडको आली, ९५ गावांच्या जमिनीवर शहर आखले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी लढला, १९८४ च्या जानेवारीत जासईच्या लढ्यात पाच जणांनी प्राण दिले, आणि पुढे साडेबारा टक्के भूखंड पदरात पडले. ते न्याय्यच होते. पण मिळाले कुणाला? ज्याच्या नावे जमीन संपादित झाली त्याला. त्याच बांधावर मजुरी करणाऱ्याचे नाव कोणत्या यादीत यायचे?

आणि दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी एक कबूल करू. आपल्या कापसाच्या वेचणीला पोडावरची लेकरे येतात. तेव्हा शाळा कोण बुडवतो?

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने एक काम करून यायचे. आपल्या भागातले पोड, पारधी तांडा किंवा वाडी ज्या गटावर वसली आहे त्याचा सात-बारा उतारा काढून आणायचा. तो आपल्यापैकीच कुणाच्या नावे निघाला, तर तोही आणायचा.