दोन ज्येष्ठता याद्या, एक कंपनी



दोन कंपन्यांची मालमत्ता, देणी, करार आणि कर्मचारी कायद्याने एकाच संस्थेकडे येतात, तेव्हा त्या व्यवहाराला विलीनीकरण म्हणतात. त्यामागचा नेहमीचा हिशेब असा असतो, की दोन मुख्यालये, दोन खरेदी विभाग आणि दोन आरक्षण यंत्रणा यांच्या जागी एकेक पुरेल आणि खर्च वाचेल. या अपेक्षित बचतीला उद्योगजगत ‘सिनर्जी’ म्हणते. ही बचत संचालक मंडळापुढे वर्षवार आकड्यांत मांडली जाते, मात्र दोन वेगळ्या शिस्तींत वाढलेली माणसे एकाच कामाला जुंपताना काय सोसावे लागेल, याचा आकडा त्या कागदावर अनेकदा नसतोच. हा न मांडलेला खर्च अखेर कोणाच्या वाट्याला येतो, हे एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांच्या विलीनीकरणाइतके स्पष्ट भारतात क्वचितच दिसले असेल.

१९५३ साली हवाई वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा परदेशी मार्गांसाठी एअर इंडिया आणि देशांतर्गत मार्गांसाठी इंडियन एअरलाइन्स अशी दोन महामंडळे स्थापन झाली. पहिल्याचे मुख्यालय मुंबईत होते, दुसऱ्याचे दिल्लीत. पहिल्याची विमाने मोठी, मार्ग लांबचे आणि उड्डाणे मोजकी, तर दुसऱ्याची विमाने लहान आणि दिवसाला अनेकदा चढणारी-उतरणारी. पाच दशकांहून अधिक काळ वेगळी भरती, वेगळे वेतनकरार आणि वेगळ्या संघटना यांत मुरलेल्या या संस्था ऑगस्ट २००७ मध्ये ‘नॅशनल एव्हिएशन कंपनी ऑफ इंडिया’ या नावाखाली एक झाल्या, आणि तीस हजारांहून अधिक कर्मचारी एका मालकाच्या हाताखाली आले.

कंपनीची संस्कृती हा शब्द व्यवस्थापनाच्या वर्गात वारंवार उच्चारला जातो, आणि त्याचा अर्थ मूल्ये, ध्येयवाक्य, एकोपा असा सांगितला जातो. प्रत्यक्षात ती संस्कृती फार ठोस गोष्टींत वसलेली असते: बढती किती वर्षांनी मिळते, भत्ता कोणत्या तासांवर मोजला जातो, रजा कोण मंजूर करतो आणि वाद झाला तर अखेरचा शब्द कोणाचा. या दोन संस्थांच्या वैमानिकांच्या बाबतीत ही गोष्ट सर्वांत तीव्रतेने पुढे आली. मोठ्या विमानांच्या संस्थेत सहवैमानिकाला कमांडर, म्हणजे विमानाचा प्रमुख वैमानिक, होण्यासाठी दीर्घ काळ थांबावे लागे. देशांतर्गत संस्थेत ती संधी तुलनेने लवकर येई. त्यामुळे दोघांना एकाच ज्येष्ठता यादीत बसवायचे झाले, तर नोकरीत रुजू झाल्याची तारीख धरायची की कमांड मिळाल्याची, हा प्रश्न उभा राहिला, आणि त्याच्या प्रत्येक उत्तरात एका बाजूच्या माणसांची आयुष्यातील काही वर्षे मागे पडणार होती.

हा प्रश्न विलीनीकरणापूर्वी सोडवला गेला नाही. एप्रिल २०११ मध्ये पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी समान वेतनासाठी संप केला, जो दहा दिवस चालला. २०१२ मध्ये नव्या ड्रीमलायनर विमानांचे प्रशिक्षण दोन्ही गटांना देण्याचे ठरले, तेव्हा पूर्वीच्या एअर इंडियाचे वैमानिक आपली बढती जाईल या भीतीने ५८ दिवस कामावर आले नाहीत. वेतन आणि ज्येष्ठता यांची घडी बसवण्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती धर्माधिकारी समितीचा अहवाल जानेवारी २०१२ मध्ये आला, म्हणजे विलीनीकरणानंतर चार वर्षांहून अधिक काळाने. जे काम पहिल्या दिवसापूर्वी व्हायला हवे होते ते इतके लांबवणे ही संबंधित मंत्रालयाची आणि व्यवस्थापनाची अक्षम्य चूक होती. त्या काळात एकाच गणवेशातील, एकाच कॉकपिटमध्ये बसू शकणारी माणसे परस्परांकडे प्रतिपक्ष म्हणून पाहू लागली.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की संयुक्त कंपनीला पहिल्याच वर्षी झालेल्या २,२२६ कोटी रुपयांच्या तोट्याचे खापर केवळ विलीनीकरणावर फोडता येत नाही. १११ विमानांच्या खरेदीचे कर्ज, २००८ मध्ये भडकलेले इंधनाचे भाव आणि खासगी कंपन्यांची स्पर्धा यांचाही त्यात वाटा होता. परंतु संकटाच्या काळात संस्थेला ज्या आपसातील विश्वासाची गरज असते, तोच नेमका त्या वेळी शिल्लक नव्हता.

विलीनीकरणानंतरच्या बदलांचा परिणाम याहून गंभीर कसा होऊ शकतो, हे अमेरिकेतील बोइंगच्या इतिहासात दिसते. १९९७ मध्ये बोइंगने मॅकडोनेल डग्लस ही कंपनी सामावून घेतली, आणि कारखान्यांत वाढलेल्या अभियंत्यांच्या शब्दाला जे वजन होते ते हळूहळू भागधारकांच्या परताव्याकडे सरकले. २००१ मध्ये मुख्यालय सिएटलहून शिकागोला गेले. विमाने मात्र मुख्यतः सिएटलच्या परिसरात बनत राहिली. पुढे २०१८ आणि २०१९ मध्ये ७३७ मॅक्स जातीच्या दोन विमानांच्या अपघातांत ३४६ माणसे मृत्युमुखी पडली. अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या समितीने २०२० च्या अहवालात उत्पादनाचा दबाव आणि माहिती दडवण्याची वृत्ती यांवर ठपका ठेवला.

भारतातही हा प्रश्न मिटलेला नाही. तेव्हा एअर इंडियात विलीन होण्याच्या तयारीत असलेल्या विस्तारा कंपनीने २०२४ मध्ये वैमानिकांना नवा वेतनकरार दिला आणि वेतनाची हमी असलेल्या उड्डाणतासांची संख्या ७० वरून ४० वर आणली. त्यानंतर वैमानिक उपलब्ध नसल्याने तिला अनेक उड्डाणे रद्द करावी लागली. कायद्याचे संरक्षणही मर्यादित आहे. पूर्वीच्या औद्योगिक विवाद कायद्यात असलेली आणि औद्योगिक संबंध संहितेत कायम राहिलेली तरतूद अशी, की व्यवसाय दुसऱ्याकडे गेला तरी कामगाराची सेवा अखंड आणि शर्ती पूर्वीपेक्षा कमी अनुकूल नसतील तर वेगळी भरपाई देय नाही, अन्यथा ती द्यावी लागते. परंतु मुख्यतः व्यवस्थापकीय काम करणारा माणूस या कायद्याच्या अर्थाने कामगार ठरत नाही. म्हणजे या सभागृहातील वाणिज्य व व्यवस्थापन शाखांचे बहुसंख्य पदवीधर उद्या या तरतुदीच्या बाहेर असतील.

त्यांतील काही जण लेखापरीक्षक, काही मनुष्यबळ अधिकारी, काही सल्लागार होतील, आणि एखाद्या विलीनीकरणाचा मसुदा त्यांच्या टेबलावर निश्चित येईल. त्यांनी बचतीचा तक्ता पाहण्यापूर्वी दोन्ही कंपन्यांच्या ज्येष्ठता याद्या, वेतनकरार आणि बढतीचे नियम मागवून घ्यावेत, ते एकत्र कसे करणार हे व्यवहाराच्या तारखेपूर्वी लेखी ठरवून घ्यावे, कर्मचाऱ्यांच्या संघटनांना त्या चर्चेत बसवावे, आणि तसे होत नसेल तर प्रस्तावावर आपला लेखी विरोध नोंदवावा.