मुक्या जिवाची शुश्रूषा
(सुवर्णमहोत्सवी समारंभात खुटबाव येथे केलेले भाषण)



जीवदया हा विषय या व्यासपीठास नवा नाही. इ. स. १८३२ मध्ये मुंबईत भटक्या कुत्र्यांना ठार मारण्याच्या मोहिमेविरुद्ध पारशी बांधवांनी आवाज उठविला. हिंदू व जैन मंडळीही त्यांच्यामागे उभी राहिली. पुढे १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरापोळ सुरू झाला. आज त्याच प्राण्याच्या एका लहानशा अवयवाविषयी, म्हणजे त्याच्या जखमी पंजाविषयी, मी काही उपयुक्त माहिती आपणांपुढे ठेवणार आहे.

आपला परिसर उसाचा. तोडणीनंतर राहिलेले धारदार बुडखे, बांधावरील काटेरी तार आणि रस्त्यावरील फुटक्या बाटल्या यांमुळे कुत्र्याच्या तळव्याची गादी चिरते. ही जखम सावकाश भरते, कारण प्रत्येक पावलागणिक शरीराचा भार पडून तिच्या कडा पुन्हा उघडतात. त्यातच कुत्र्याला घाम मुख्यतः तळव्यांनाच येतो. त्यामुळे बांधलेला पंजा आतून दमट राहतो. चाटल्याने जखम बरी होते, हा समजही चुकीचा आहे. सततच्या चाटण्याने नवी त्वचा सोलली जाते व तोंडातील जंतू जखमेत शिरतात.

प्रथम आपली काळजी घ्यावी. वेदनेने व्याकूळ झालेला ओळखीचा कुत्राही चावू शकतो. चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी लस घ्यावी.

पंजा धुण्यासाठी लिटरभर उकळून निवविलेल्या पाण्यात दोन लहान चमचे मीठ पुरते. फिनेल, रॉकेल यांसारखे जहाल पदार्थ जखमेवर कदापि घालू नयेत. आपल्या घरातील वेदनाशामक गोळ्याही देऊ नयेत. त्यांतील काही कुत्र्याच्या जिवावर बेततात. रक्त थांबत नसेल, जखम खोल असेल किंवा तीत अळ्या दिसल्या, तर विनाविलंब पशुवैद्यकांकडे न्यावे.

कापडाविषयी मात्र मी थोड्या अधिकाराने बोलू शकतो. जखमेवर निर्जंतुक गॉज, बोटांच्या फटींत थोडा कापूस आणि त्यावर मऊ सुती पट्टी असावी. जुने धोतर किंवा मलमल उकळून, उन्हात वाळवून वापरता येते. टेरिकॉट वा नायलॉन घेऊ नये. ते घाम शोषीत नाही व हवा खेळू देत नाही. वरून जुना सुती मोजा चढविता येतो. पण तो सुतळीने वा रबराने बांधू नये. मधल्या दोन बोटांची टोके उघडी ठेवावीत. ती सुजली, गार पडली किंवा नखे एकमेकांपासून फाकली, तर पट्टी आवळली आहे असे समजून ती तत्काळ सोडावी. अन्यथा रक्तप्रवाह खुंटून अख्खा पंजा गमवावा लागतो. अहिंसा अणुव्रताच्या अतिचारांत ‘बंध’ प्रथम सांगितला आहे. दयेपोटी पण अज्ञानाने आवळलेली पट्टी हाही त्या जिवास बंधच होय.

ओली झालेली पट्टी लगेच बदलावी. बाहेर नेताना वरून प्लॅस्टिकची पिशवी घालावी व परत येताच काढावी. चाटणे थांबत नसेल तर गळ्यात पशुवैद्यकांकडे मिळणारी शंकूच्या आकाराची कॉलर घालावी. जखम भरेपर्यंत धावणे-उड्या मारणे टाळावे.

बंधूंनो, पट्टी बांधावयास दहा मिनिटे लागतात. जखम भरावयास अनेकदा दोन आठवडे किंवा अधिक. पहिल्या दिवशी चौघे धावून येतात, चौथ्या दिवशी मळलेली पट्टी सोडावयास कोणी नसते. बांधून विसरलेली पट्टी ही न बांधलेल्या पट्टीहून अधिक घातक ठरते. पाळीव कुत्र्यास धनी असतो, गल्लीतल्या कुत्र्यास आपणच. म्हणून माझी नम्र विनंती अशी, की प्रत्येक गल्लीतील दोन-तीन कुटुंबांनी अशा प्रसंगी दिवस वाटून घ्यावेत आणि शेवटची पट्टी सुटेपर्यंत ती पाळी मोडू नये.