राहतो तिथला कागद

हातातलं काम चालू राहू द्या, पण कान इकडे असू द्या. आज आम्ही कागदाचं बोलणार आहोत, आणि ते आपल्या प्रत्येकीच्या घरातलं आहे.

मागच्या बैठकीला आमच्या गटातली एक मैत्रीण वाघोलीहून आली होती. तीन वर्षं झाली तिला तिकडे राहायला जाऊन. नवरा गोदामात कामाला, ती चार घरची धुणीभांडी करते. बचतीचा हप्ता मात्र अजून आपल्याच गटात भरते. यावेळी हप्ता ठेवला आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. लेकीसाठी तिने शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांमधून अर्ज भरला होता. सोडतीत नंबरही लागला. पण कागद तपासताना पत्त्याचा पुरावा मागितला. आधार गावच्या पत्त्यावर, रेशनकार्ड गावचं, मतदार यादीत नाव गावात. हातात होता तो फक्त खोलीचा भाडेकरार, तोही नुसता स्टॅम्पपेपरवर लिहिलेला. तिथे नोंदणी केलेलाच करार चालतो. जागा गेली. ती म्हणाली, "तीन वर्षं टँकरच्या रांगेत हंडा घेऊन उभी राहते मी, आणि कागदावर बघावं तर मी तिथं राहतच नाही."

बैठकीत कोणी काही बोललं नाही. कारण आपल्या प्रत्येकीचं कोणी ना कोणी शहरात आहे. शिरूरकडची माणसं नगर रस्त्याने शिक्रापूर, वाघोली, खराडीला जातात. दौंडकडची रेल्वेने मांजरी, हडपसरला. खोली भाड्याने घेतात, वर्षानुवर्षं राहतात, आणि कागद सगळे गावच्या पेटीत.

कागद नसला म्हणजे रोजचंही अडतं. वाघोली २०२१ साली इतर गावांबरोबर पुणे महापालिकेत गेली. गावात नळाला पाणी आलं नाही तर आपण सरपंचाच्या दारात जातो. तिथे महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात जावं लागतं. गटार तुंबलं, कचऱ्याची गाडी येत नाही, रस्त्यावरचा दिवा बंद आहे, याची तक्रार भाडेकरू बाईही करू शकते. त्याला घर मालकीचं लागत नाही. पण मतं मागायला येणारा माणूस यादी बघून कोणत्या गल्लीत शिरतो, हे आपल्याला गावातल्या निवडणुकीवरून चांगलं ठाऊक आहे.

मग कागद का बदलत नाहीत? आम्ही बैठकीत विचारलं. उत्तर एकच आलं, "गावातलं नाव कमी केलं तर गावातला हक्क जाईल." ही भीती खरी किती आणि खोटी किती, ते आपण नीट बघू.

जमिनीचा हक्क पत्त्यावर अवलंबून नाही. आधारवरचा पत्ता बदलला म्हणून सातबाऱ्यावरचं नाव निघत नाही. वडिलांच्या वारशातला लेकीचा वाटा ती पुण्यात राहते म्हणून कमी होत नाही. अधिवास प्रमाणपत्राला साधारणपणे १५ वर्षांचं वास्तव्य लागतं, पण ते महाराष्ट्रातलं. शिरूरहून पुण्याला गेलं तरी ती वर्षं मोडत नाहीत. जातं ते एकच, गावातलं मत. मतदार यादीत नाव एकाच ठिकाणी ठेवता येतं, आणि माणूस जिथे सर्वसाधारणपणे राहतो तिथे. गावात घर मालकीचं आहे एवढ्याने तो तिथला रहिवासी ठरत नाही, असं १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातच लिहिलं आहे. ज्यांना काही महिन्यांनी परत यायचं आहे त्यांची गोष्ट वेगळी. पण संसार, शाळा, दवाखाना सगळं शहरात असेल, तर मतही तिथेच असलेलं बरं. त्यासाठी फॉर्म नंबर ८ भरायचा. नाव पहिल्यांदाच घालायचं असेल तर फॉर्म नंबर ६.

रेशनसाठी तर कार्ड हलवण्याचीही गरज नाही. 'एक देश एक रेशनकार्ड' योजनेत अन्नसुरक्षेच्या कार्डावर कोणत्याही रेशन दुकानात अंगठा लावून धान्य मिळतं. आधार जोडलेलं असलं पाहिजे, एवढंच. घरातली निम्मी माणसं गावात आणि निम्मी शहरात असली, तर दोन्हीकडे आपापल्या वाट्याचं उचलता येतं. दर महिन्याला एक रोज बुडवून आणि तिकीट काढून धान्यासाठी गावाला यायचं कारण नाही. आणि हेही सांगतो, २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे या कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या १८ वर्षांवरच्या सर्वांत मोठ्या बाईचं नाव असतं. आपल्या कार्डावर कोणाचं आहे, घरी गेल्यावर बघा.

आधारवरचा पत्ता बदलायला स्वतःच्या नावाचा पुरावा नसेल, तर कुटुंबप्रमुखाच्या पत्त्यावरून तो बदलता येतो. नवऱ्याचा पत्ता आधी तिथला झाला असला पाहिजे. नात्याचा कागद द्यायचा, नवऱ्याच्या मोबाइलवर निरोप येतो आणि त्याने ३० दिवसांच्या आत संमती द्यायची. नात्याचा कागद म्हणजे रेशनकार्ड किंवा विवाह नोंदणीचा दाखला. लग्नाची नोंदणी राहिली असेल तर करून घ्या. माहेरचं नाव आणि सासरचं नाव जोडणारा तोच एक पक्का कागद आहे.

आता भाडेकराराकडे येऊ. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा आहे. त्याच्या कलम ५५ मध्ये करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची, असं म्हटलं आहे. खर्चाचा बाऊ करतात म्हणून हिशेब सांगतो. महिना ४,००० रुपये भाडं, ११ महिन्यांचे झाले ४४,०००. त्यावर मुद्रांक शुल्क शंभराला चार आणे, म्हणजे ११० रुपये. डिपॉझिट असेल तर थोडे वाढतील. नोंदणी फी शहरात १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००. वर कागद करून देणाऱ्याची मजुरी. नोंदणी ऑनलाइन होते. लेकीच्या शाळेपुढे हा खर्च मोठा नाही. दोघींनी, म्हणजे मालकीण आणि भाडेकरणीने, निम्मा निम्मा केला तर आणखी हलका.

मालकीण म्हटलं, आणि इथेच आमची जीभ थोडी अडखळली. त्या बैठकीत वाघोलीच्या घरमालकाला आम्ही सगळ्यांनी नावं ठेवली. मग कोपऱ्यातून एक काकू म्हणाल्या, "आपण तरी कुठं करार करून देतो?" रांजणगावच्या एमआयडीसीमुळे आपल्याकडे किती घरांच्या मागे पत्र्याच्या खोल्या झाल्या. दौंडला, कुरकुंभला तेच. कोणी मराठवाड्यातून आलंय, कोणी बिहारमधून. भाडं आपण पाच तारखेला मोजून घेतो. करार मागितला की म्हणतो, "कशाला पाहिजे? राहायचं तर राहा." लाइटबिलाची झेरॉक्स मागितली तरी संशय येतो. का, तर भाडेकरू घरावर हक्क सांगेल. खरं तर उलट आहे. नोंदवलेल्या लिव्ह अँड लायसन्स करारात मुदत लिहिलेली असते. ती संपल्यावर खोली परत मागायला तोच कागद आपल्या बाजूने उभा राहतो. तोंडी व्यवहारात आपल्या हातात काहीच नसतं.

आमच्याही दोन सभासदांच्या खोल्या भाड्याने आहेत. त्या दोघींनी या महिन्यात करार नोंदवायचं ठरवलं आहे. आपली लेक वाघोलीत ज्या कागदासाठी रडली, तोच कागद आपल्या अंगणातली परक्याची लेक आपल्याकडे मागते आहे.

आणखी एक. २०२४ च्या जुलैत लाडकी बहीण योजनेचे अर्ज निघाले तेव्हाची सेतू केंद्रातली गर्दी आठवा. आधी अधिवास प्रमाणपत्र मागितलं. मग त्याऐवजी १५ वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला चालेल असं ठरलं. परराज्यात जन्मलेल्या आणि इथे लग्न होऊन आलेल्या बायांसाठी नवऱ्याचा कागद धरला. तरी कितीजणी अडल्या! शाळेचा दाखला माहेरी, भावाच्या घरातल्या पेटीत. तो आणायला पावसात एसटी पकडून गेलेल्या बाया आम्ही पाहिल्या आहेत. पुन्हा तशी धावपळ नको.

अधिवासाचा किंवा दुसरा कोणताही अर्ज केला तर पावती घ्या, अर्ज क्रमांक वहीत लिहा. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने प्रत्येक दाखल्याला मुदत ठरलेली आहे. अधिवास प्रमाणपत्राची १५ दिवसांची आहे. मुदतीत मिळालं नाही किंवा नाकारलं, तर ३० दिवसांच्या आत अपील करता येतं. पावती नसेल तर अपील कशाच्या जोरावर करणार?

म्हणून पुढच्या बैठकीसाठी एक काम देतो. प्रत्येकीने एक पिशवी करायची, फक्त आपल्या कागदांची. शाळेचा दाखला, विवाह नोंदणी, आधार, मतदार ओळखपत्र, रेशनकार्डाची प्रत, बँक पासबुक. जे नाही ते गटाच्या वहीत लिहायचं, म्हणजे चौघी मिळून तालुक्याला एकाच फेरीत जाता येईल. ज्यांची माणसं शहरात आहेत त्यांनी आज रात्री फोन लावून एवढंच विचारायचं, "करार नोंदवलाय का?" आणि ज्यांनी खोल्या दिल्या आहेत, त्यांनी हाच प्रश्न स्वतःला विचारायचा.

आमची वाघोलीची मैत्रीण पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज भरणार आहे. यावेळी घरमालकाशी बोलायला ती एकटी जाणार नाही. गटातल्या दोघी तिच्याबरोबर जाणार आहेत. काय झालं ते तुम्हाला नक्की सांगू. तोवर नमस्कार.