पाहायला शिकणे



कलेचा अभ्यास म्हणजे सुखवस्तू माणसाचा विरंगुळा, अशी आपल्याकडे समजूत आहे. परीक्षा जवळ आली की शाळेतला चित्रकलेचा तास गणिताला दिला जातो, आणि कुणाला काही गमावल्यासारखे वाटत नाही. माझे म्हणणे असे की, आपल्याहून निराळ्या माणसांची ओळख करून देणारे याच्याइतके खात्रीचे साधन दुसरे नाही.

पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे. दापोली तालुक्यात पन्हाळेकाजी येथे कोटजाई नदीच्या काठी 29 लेणी आहेत. सहज फिरायला गेलेला मनुष्य 'जुनी देवळे दिसतात' म्हणून परततो. अभ्यासक मात्र थांबतो. हा स्तूप आरंभीच्या हीनयान बौद्धांचा. हाती खड्ग घेतलेली ही उग्र मूर्ती महाचंडरोषणाची, म्हणजे वज्रयान पंथाची. पुढे शिवलिंग, गणपती, रामकथेतील प्रसंग आणि नाथसिद्धही भेटतात. 1970 च्या दशकात पुरातत्त्वज्ञ म. न. देशपांडे यांनी हे सारे बारकाईने अभ्यासले, तेव्हा हजाराहून अधिक वर्षांची ही वस्ती उलगडली. हे सगळे गोडीगुलाबीनेच घडले, असे मी म्हणत नाही. एका पंथाच्या गुहेत दुसऱ्याने आपले दैवत बसवले. पण तेही दगडच सांगतो, आणि ऐकणाऱ्यालाच सांगतो.

आता रत्नागिरीतच पाहा. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा याला इंग्रजांनी 1886 साली येथे आणून ठेवले. 1910 साली त्याचा राजवाडा उभा राहिला आणि 1916 साली तो येथेच वारला. आपण त्याला परमुलखातला राजा म्हणतो. परंतु ज्या बुद्धाला तो भजत होता, त्या बुद्धाच्या उपासकांचे स्तूप या जिल्ह्याच्या कातळात त्याच्या आधी दीड हजार वर्षे कोरलेले होते. मग परका कोण आणि आपला कोण? हा प्रश्न पोथी वाचून सुचत नाही. दोन्ही वास्तू डोळसपणे पाहिल्या म्हणजे आपोआप उभा राहतो.

म्हणून पालकांना माझी विनंती एवढीच: या सुटीत मुलांना पन्हाळेकाजीला न्या. सोबत वही-पेन्सिल द्या आणि एकच मूर्ती काढायला सांगा. हात असा का, आयुध हेच का, असे मूल विचारीलच. त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना ते दुसऱ्या माणसाच्या श्रद्धेपाशी पोचेल. गणिताचा तास बुडाला तर भरून काढता येतो. ही नजर लहानपणी लाभली नाही, तर पुढे ती येणे कठीण.