झाडं लावा, पण जमिनीचाही हिशोब मागा

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



विषयाचं नाव ऐकून काहींना वाटलं असेल, विहारात हे मातीचं आणि सरपणाचं काय काढलं? पण आपली घरं उभी राहिली ती कारखान्यात, ऊसतोडीत आणि दुसऱ्याच्या शेतात राबून. तेव्हा जमिनीचं काय होतं, हे आपण नाही विचारायचं तर कुणी विचारायचं?

आम्ही साखर कारखान्यातली माणसं. बॉयलरची भूक आम्हाला चांगली ठाऊक आहे. गव्हाणीत शंभर टन ऊस पडला की अठ्ठावीस-तीस टन चिपाड निघतं. त्यालाच कारखान्यात बगॅस म्हणतात. ते जाळून वाफ होते, वाफेवर कारखाना चालतो, आणि सहवीज प्रकल्प असेल तर वीजही विकता येते. सरकार याला हरित इंधन म्हणतं. त्यामागचा हिशोब असा, की ऊस वाढताना हवेतला कर्ब घेतो, जळताना तोच परत सोडतो आणि पुढच्या वर्षीचा ऊस तो पुन्हा ओढून घेतो. म्हणजे फिट्टंफाट. बगॅसच्या बाबतीत हे बरंचसं बरोबर आहे, कारण ती मुळात उरलेली वस्तू आहे. तिच्यासाठी वेगळी जमीन नांगरावी लागत नाही.

पण केवळ जाळण्यासाठी झाडं लावायची म्हटलं, की हिशोब बदलतो. आता त्यात जमीन आली. आणि जमिनीचा हिशोब कुणी सांगत नाही.

मित्रहो, मातीत कर्ब असतो. पालापाचोळा, मुळं, शेण कुजून तो तयार होतो. जगातल्या मातीच्या वरच्या एक मीटर थरात जेवढा कर्ब आहे, तो हवेतला आणि झाडाझुडपांतला मिळून होतो त्यापेक्षा जास्त आहे. माती परीक्षणाच्या कागदावर ‘सेंद्रिय कर्ब’ अशी एक ओळ असते. तो अर्ध्या टक्क्याच्या खाली गेला की जमीन कमकुवत समजतात.

आता एक साधं गणित करू. एक एकरातली वरची अर्धा फूट माती वजनाने सुमारे 9 लाख किलो भरते. तिच्यातला कर्ब 0.6 टक्क्यावरून 0.5 वर आला, म्हणजे फक्त 0.1 टक्का घटला, तर 900 किलो कर्ब गेला. एक किलो कर्ब हवेत गेला की साडेतीन किलोपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड होतो. म्हणजे एका एकरातून सुमारे 3,300 किलो. दहा एकराच्या गायरानाचे झाले 33 टन! धूर नाही, ज्वाळा नाही, कुणाला काही दिसत नाही.

हे होतं कसं? गवताळ जमिनीत मुळांचं जाळं असतं, त्यात कर्ब धरून ठेवलेला असतो. यंत्र आणून जमीन उलटीपालटी केली की मातीला हवा आणि ऊन लागतं. मातीतले जीवाणू जोराने कामाला लागतात आणि साठलेला कर्ब खाऊन हवेत सोडतात. उघडी माती पहिल्या पावसात वाहून जाते ती वेगळीच. रोप लहान, त्याचा पाला पडायला वर्षं लागतात. ते जरा मोठं झालं की चार-सहा वर्षांत तोडायचं, खोडाबरोबर फांद्या आणि डहाळ्याही न्यायच्या, आणि जमीन पुन्हा खणायची. मग मातीला परत काय मिळालं?

आम्ही झाडांच्या विरोधात नाही, हे स्पष्ट सांगतो. उजाड, धूप झालेल्या माळावर झाड लावलं, ते उभं ठेवलं, त्याचा पाला तिथंच कुजू दिला, तर मातीतला कर्ब वाढतो. प्रश्न झाडाचा नाही. कुठली जमीन, कशी खणली, किती दिवसांनी तोडलं आणि पाला कुठं गेला, हा प्रश्न आहे.

जगातही हाच वाद चालू आहे. 2008 साली ‘सायन्स’ या साप्ताहिकात अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की जंगल किंवा गवताळ जमीन मोडून इंधनाची पिकं घेतली तर कर्बाचं एक कर्ज डोक्यावर बसतं. ते फिटायला कित्येक दशकं लागतात. इंडोनेशिया-मलेशियातल्या दलदलीच्या जमिनी पाम तेलासाठी मोडल्या, तिथं तर शेकडो वर्षं. इंग्लंडात यॉर्कशायरमध्ये ड्रॅक्स नावाचं मोठं वीज केंद्र आहे. ते अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या लाकडाच्या गोळ्या जहाजाने आणून जाळतं. त्याच्या धुराड्यातून निघालेला कर्ब तिथल्या हिशोबात शून्य धरतात, कारण तो झाड तोडलेल्या देशाच्या जमिनीच्या खात्यावर मांडायचा असतो. म्हणजे जाळणारा नामानिराळा आणि खातं मातीच्या नावावर!

आता आपल्याकडं या. महाराष्ट्रात 1982 पासून सामाजिक वनीकरण सुरू झालं. गावोगावच्या गायरानांवर निलगिरी, सुबाभूळ लावली गेली. 2003 नंतर मोगली एरंडाची लाट आली, पडीक जमिनीवर डिझेल पिकणार म्हणून. 2009 च्या राष्ट्रीय धोरणात 2017 पर्यंत 20 टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट ठेवलं होतं. डिझेलच्या बाबतीत ते कागदावरच राहिलं. 2021 साली केंद्राच्या ऊर्जा खात्याने औष्णिक वीज केंद्रांना कोळशात 5 टक्के जैव इंधन मिसळायचं धोरण दिलं. आता बांबूचं नाव निघतं. उद्देश चांगला असेलही. पण प्रत्येक वेळी एकच शब्द येतो – ‘पडीक’.

बंधू-भगिनींनो, या शब्दापासून सावध राहा. कागदावर जी जमीन पडीक, तिच्यावरच भूमिहीन बाईची शेळी जगते. तिथूनच चुलीला काटक्या येतात. महात्मा फुल्यांनी 1883 साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. गोऱ्या सरकारच्या जंगल खात्याने गायरानं गिळली आणि गरिबाच्या शेरडाला उभं राहायला जागा ठेवली नाही, हे गाऱ्हाणं त्यांनी त्यात मांडलं आहे. पावसाचं पाणी शेतात मुरावं, माती सुपीक राहावी म्हणून ताली-बंधारे घाला, हेही त्यांनीच सांगितलं. मातीची काळजी आपल्या चळवळीला नवी नाही.

आपल्या शेजारच्या हरेगावला डिसेंबर 1939 मध्ये वतनदारांची परिषद भरली. वतनी जमिनीवरच्या वाढीव आकारणीविरुद्ध बाबासाहेब स्वतः तिथं बोलले. 1964-65 साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, लोक तुरुंगात गेले. त्यानंतर कुठं 1991 च्या शासन निर्णयाने 14 एप्रिल 1990 पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची गायरान अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं. पण कसणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर यायला अजूनही खेटे घालावे लागतात. नाव लागायच्या आत तिथं इंधनाची झाडं लागली, तर? माती जाईल आणि हक्कही जाईल.

उसाचंही तेच. तोडणीनंतर एकरी तीन-चार टन पाचट राहतं. ते पेटवून देणं वाईट. पण सगळं गोळा करून इंधनाला पाठवलं तरी माती उपाशीच राहते. निम्मंअर्धं तरी सरीत कुजू द्या. पाण्याच्या अतिवापराने आपल्या कालव्याखालच्या किती जमिनी क्षारपड झाल्या, ते आपण डोळ्यांनी पाहतो आहोत. तिच्यावर आणखी भार नको.

तेव्हा आपण काय करायचं? ग्रामसभेला जायचं, बायांनी तर आधी जायचं. वनशेतीची कुठलीही योजना आली की पाच गोष्टी विचारायच्या. एक, जमीन कुणाची आणि आज ती कोण वापरतं? दोन, लावण्याआधी माती तपासली का, आणि तोडणीनंतर पुन्हा तपासणार का? तीन, सरसकट नांगरट करणार की नुसते खड्डे घेणार? चार, पाला आणि डहाळ्या जमिनीत राहणार का? पाच, लाकडातला आणि मजुरीतला पहिला वाटा गावच्या भूमिहीनांना का नाही? उत्तरं तोंडी घेऊ नका, ठरावात लिहून घ्या. माती परीक्षण करायला राहुरीचं कृषी विद्यापीठ आपल्या हाताशी आहे. आपली शिकलेली मुलं नमुने घेऊन तिथं जाऊ शकतात.

विनयाच्या नियमांत भिक्खूंना जमीन खणायला मनाई आहे, कारण मातीत जीव असतात. आपण गृहस्थ, आपल्याला खणल्याशिवाय गत्यंतर नाही. पण खणताना तिच्यातून काय घेतलं आणि तिला काय परत दिलं, याची नोंद ठेवणं आपल्या हातात आहे. बाबासाहेबांनी आपल्याला शिकायला सांगितलं. हिशोब वाचणं हेही शिकणंच आहे.

 जय भीम! नमो बुद्धाय!